पुण्यातल्या विद्यापीठातल्या मुलांना ऑनलाइन शिक्षण मनापासून आवडतं का?

एमएडच्या प्रकल्पासाठी प्रश्नावली करताय आणि काय विचारावं हे कळत नाहीये, असं तुम्ही लिहिलंय. मी पुण्यातल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, लॉकडाऊनच्या आधीपासून. माझ्या पाहण्यात मुलांना रेकॉर्ड केलेलं व्याख्यान आवडतं, पण लाइव्ह ऑनलाइन तास नकोसा वाटतो. दोन्हींना ‘ऑनलाइन’ म्हणून एकच प्रश्न विचारलात, तर हाती काही लागणार नाही.

माझ्या वर्गात बीड, लातूर, नगरकडची बरीच मुलं असतात, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. इंग्रजीतलं व्याख्यान त्यांना एका फटक्यात झेपत नाही. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, अडलेला शब्द शोधता येतो. विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करणारी मुलं तर तो रात्री खोलीवर गेल्यावर बघतात.

लाइव्ह तासाला मात्र हीच मुलं गप्प. कॅमेरे बंद, माइक बंद. “काही शंका?” विचारलं की शांतता. सगळ्यांसमोर, तेही इंग्रजीत, विचारायची भीती वाटते. कॉलेजात तास संपला की जिन्यात गाठून हळूच म्हणतात, “मॅडम, ते पी-व्हॅल्यूचं परत सांगता का?” आणि मराठीत दोन मिनिटं बोललं की चेहरा खुलतो. माझं निम्मं शिकवणं त्या जिन्यातच होतं, असं मला मनापासून वाटतं. ऑनलाइन तास संपला की सगळे एकदमच जातात, मागे कुणी रेंगाळत नाही.

दुसरा मुद्दा परीक्षेचा. 2020 मध्ये अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुपर्यायी आणि बहुतेकांच्या ऑनलाइन झाल्या आणि त्या मुलांना ‘कोरोना बॅच’ म्हणून हिणवलं गेलं. ती बोच अजून आहे. ऑनलाइन पदवीला किंमत नाही ही समजूत बरीचशी तिथून आली. उलट एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाच्या, कोर्सबद्दल माझ्या वर्गातली मुलं आदराने बोलतात. कारण उघड आहे: शिकणं फुकट, पण प्रमाणपत्रासाठी 1000 रुपये भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते आणि 100 पैकी 75 गुण तिचेच असतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2021 च्या नियमांनी एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स ‘स्वयम्’वरून, म्हणजे एनपीटीईएलचे कोर्स ज्यावर असतात त्या सरकारी पोर्टलवरून, करायची मुभा दिली आहे, त्यामुळे हा प्रश्न आता नुसत्या आवडीनिवडीचा राहिलेला नाही.

म्हणून प्रश्नावलीत रेकॉर्डेड आणि लाइव्ह वेगळे ठेवा. शाळेचं माध्यम आणि बघण्याचं साधन विचारा. फोनवर बघणारा आणि लॅपटॉपवर बघणारा एकसारखं उत्तर देणार नाही. आणि एक प्रश्न नक्की घाला: गेल्या महिन्यात अभ्यासातली शंका तुम्ही कुणाला विचारलीत, आणि कोणत्या भाषेत? प्रश्नावली मराठीतूनही द्या, नाहीतर ज्यांचं ऐकायला हवं तीच मुलं कोऱ्या जागा सोडतील.