हार्ड लिंकला 'कठीण दुवा' म्हणावे काय?

फोंड्याच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: लिनक्स या संगणक प्रणालीची टिपणे मराठीत काढताना 'हार्ड लिंक क्रिएट करणे' याला काय म्हणू? एका भाषांतरात त्यांना 'कठीण दुवा निर्माण करणे' सापडले. वर्गात वाचून दाखवताच मुले हसली.

मुलांचे बरोबर आहे. 'कठीण' चुकलेच, पण माझे खरे भांडण 'दुवा'शी आहे. दुवा म्हटला की जोडायला दोन वस्तू हव्यात. इथे वस्तू एकच असते. फाइलचा मालक कोण, परवानग्या काय, मजकूर डिस्कवर कुठे, हे सारे आयनोड नावाच्या नोंदीत असते आणि त्या नोंदीला क्रमांक असतो. फाइलचे नाव मात्र तिथे नसते. ते फोल्डरात असते: अमुक नाव, तमुक क्रमांक, एवढीच ओळ. 'एलएन' ही आज्ञा त्याच क्रमांकासाठी आणखी एक ओळ लिहिते. म्हणजे हार्ड लिंक हे नाव आहे.

गोव्यातल्या मुलांना हे सांगायला वन-फोर्टीनचा, म्हणजे गोव्यातल्या सातबाऱ्याचा, उतारा काढावा. सर्व्हे नंबर एक, कब्जेदारांच्या रकान्यात भावंडे तीन. तिसऱ्याचे नाव लागले म्हणून जमीन वाढत नाही, तशी दुसऱ्या नावाने फाइल डिस्कवर दुप्पट जागा खात नाही. पहिले नाव आपले म्हणून हक्क जास्त, असे थोरल्याला वाटते खरे, पण फाइलच्या नावांत थोरले-धाकटे नाही. शिवाय सर्व्हे नंबर गावापुरता असतो. ४५ नंबर बांदोड्यालाही असेल आणि मडकईलाही. आयनोडचा क्रमांकही एका फाइल सिस्टीमपुरताच (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची एक व्यवस्था), म्हणून पेन ड्राइव्हवरच्या फाइलला हार्ड डिस्कवरून असे नाव देता येत नाही.

क्रियापदही मामलेदार कचेरीतलेच घ्या: नाव चढवणे. पुसण्यासाठी 'नाव कमी करणे'. रेशनकार्डावरून करतात तेच. लिनक्स ज्या वळणावर बेतली त्या युनिक्समध्ये फाइल पुसणाऱ्या सिस्टीम कॉलचे (प्रोग्रॅमने प्रणालीला केलेल्या मागणीचे) नावच 'अनलिंक' आहे. तो फक्त नाव कमी करतो. किती नावे उरली याचा आकडा आयनोडमध्येच असतो. तो शून्यावर आला की डिस्कवरची जागा मोकळी होते. मात्र एखादा प्रोग्रॅम फाइल उघडून बसला असेल तर तो सोडेपर्यंत थांबावे लागते. (इथे उताऱ्याचा दाखला तुटतो. सगळी नावे गेली तरी जमीन कुठे जाणार?)

नामासाठी मी 'सहनाव' सुचवले असते, सहखातेदारासारखे. पण परीक्षेत 'हार्ड लिंक' हाच शब्द येणार, तेव्हा टिपणात तोच असू द्या: 'या फाइलवर हार्ड लिंकने दुसरे नाव चढवा.'

'दुवा' सिम्बॉलिक लिंकसाठी, म्हणजे लिनक्समधल्या दुसऱ्या प्रकारच्या लिंकसाठी, राखून ठेवा, तिथे तो शोभतो. त्यात क्रमांक नसून पत्ता असतो, रस्त्यावरच्या पाटीसारखा. गाव गेले तरी पाटी राहते. कुर्डी साळावली धरणाच्या पाण्यात गेली, तेव्हा तिकडे बोट दाखवणारी पाटी उरली असती तर ती पाण्याकडेच नेती. आणि मे महिन्यात पाणी ओसरून गाव वर आले की तीच पाटी पुन्हा खरी ठरती. त्याच पत्त्यावर फाइल परत ठेवली की तुटलेला दुवाही असाच चालू लागतो.