गुण उतरले, पण कशामुळे?

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात समुपदेशक आहे. एम.ए.च्या प्रबंधासाठी जानेवारीत बारावीच्या मुलांची चिंता जीएडी-७ प्रश्नावलीने मोजली, एप्रिलमध्ये पुन्हा. चिंतेचे गुण बरेच उतरले. समुपदेशनाचा परिणाम झाला, असं लिहू ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नका लिहू. मधे परीक्षा संपली की! शिवाय मुलं आपल्याकडे येतात ती अगदी असह्य झाल्यावर. तिथून गुण थोडे आपसूकही उतरतात. पुढच्या वेळी समुपदेशनाच्या सत्रांआधी दोन-तीनदा मोजा, तेही पंधरा दिवसांच्या अंतराने, कारण ही प्रश्नावली मागच्या २ आठवड्यांबद्दलच विचारते. उतार आधीच लागलेला असेल, तर तो दिसेल. फार खचलेल्या मुलाला मात्र मोजमापासाठी ताटकळत ठेवू नका. प्रबंध थांबला तरी चालेल. आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या लेखी संमतीबरोबर मुलांचाही होकार घ्या.