डेंग्यूत कोलेस्टेरॉल कमी आलं, म्हणजे सुधारलं का?

नाही हो, एवढ्यात पेढे वाटू नका. वडिलांचं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) दोन महिन्यांपूर्वी १५२ होतं आणि डेंग्यूत अ‍ॅडमिट असताना ९४ आलं, असं तुम्ही लिहिलंय. ही घट बहुधा आजाराची आहे, पथ्याची नव्हे.

संसर्ग झाला की प्रतिकारक पेशी टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ अशी रसायनं सोडतात आणि यकृताचा कारभारच बदलतो. एलडीएल आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) दोन्ही खाली येतात. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) मात्र बऱ्याचदा चढतं, कारण यकृत ते जास्त सोडतं आणि रक्तातून ते उचलायला मदत करणारं एन्झाइम मंदावतं. एचडीएलची तर गंमतच: त्यातलं नेहमीचं प्रथिन हटवून सीरम अमायलॉइड-ए हे सुजेत वाढणारं प्रथिन जागा बळकावतं, म्हणजे उरलेलं एचडीएलही पूर्वीइतकं कामाचं राहत नाही.

जुनाट सुजेतही असंच. ऱ्हुमॅटॉइड संधिवात भडकलेला असताना एलडीएल कमी दिसतं, पण हृदयविकाराचा धोका जास्तच असतो.

वडील पूर्ण बरे झाल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) पुन्हा करा. आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल, तर हा ९४ बघून परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.