एमईएसमध्ये (विजेचा शॉक देऊन आकडी आणण्याची चाचणी) अर्क फोल ठरला, तर तो अपस्मारावर निरुपयोगी समजायचा का?

तुमच्या अर्काने माइसमध्ये शॉकनंतर मागचे पाय ताठ होणे थांबले नाही, पीटीझेडमध्ये (पेंटिलीनटेट्राझोल हे रसायन टोचून आकडी आणण्याची चाचणी) आकडी फक्त उशिरा आली, म्हणून काम सोडावे का, असा प्रश्न आहे. लगेच सोडू नका. मी आधी कंट्रोल गट (अर्क न दिलेले प्राणी) तपासेन.

एमईएससाठी माइसला डोळ्यांवरच्या इलेक्ट्रोडमधून 50 मिलिअँपिअर, 0.2 सेकंद, रॅटला 150. कंट्रोलमधल्या जवळजवळ प्रत्येक प्राण्याचे मागचे पाय ताठ व्हायलाच हवेत. तसे होत नसेल तर बहुतेक वेळा इलेक्ट्रोड कोरडा असतो. डोळ्यात भूल देणारा थेंब आणि सलाइन घाला. फेनिटॉइन (अपस्मारावरचे नेहमीचे औषध) 25 मिग्रॅ प्रति किलो दिलेल्या गटात पाय ताठ होता कामा नयेत. झाले तर तो दिवसच बाद. शिवाय अर्क तोंडावाटे देऊन नंतर फक्त एकाच ठरावीक वेळेला शॉक देऊन पाहिला असेल, तर निकाल अपुरा आहे. अर्धा, एक, दोन आणि चार तासांना वेगवेगळे प्राणी तपासा.

पीटीझेडचा 'उशीर' मला फारसा पटत नाही. पीटीझेडचा डोस 85 मिग्रॅ प्रति किलो, मानेवरच्या सैल कातडीखाली. 8.5 मिग्रॅ प्रति मिलीचे ताजे द्रावण केले तर 25 ग्रॅमच्या माउसला 0.25 मिली. सुई घडीच्या पलीकडे निघाली की पीटीझेड केसांवर सांडते आणि प्राणी 'वाचलेला' दिसतो. टोचल्यावर केस ओले आहेत का, ते बोटाने पाहा. तीस मिनिटांत किमान 5 सेकंद टिकणारी क्लोनिक (झटक्यांची) आकडी किती प्राण्यांना आली नाही, हीच मुख्य नोंद. उशीर फार तर जोडीला.

हे सगळे चोख असूनही निकाल शून्यच आला, तर लेव्हेटिरासेटॅम हे अपस्मारावरचे औषध आठवा. एमईएस आणि पीटीझेड या दोन्ही नेहमीच्या चाचण्यांत ते नापास होते. 6 हर्ट्झ चाचणीत (कमी वारंवारतेचा, जास्त वेळ दिलेला शॉक) आणि किंडल केलेल्या (लहान डोस वा उत्तेजना वारंवार देऊन आकडीप्रवण केलेल्या) प्राण्यांत मात्र काम करते. उलट फेनिटॉइन एमईएसमध्ये चालते, पीटीझेडमध्ये नाही. एथोसक्सिमाइड या दुसऱ्या औषधाचे नेमके उलटे. म्हणून पुढची पायरी 6 हर्ट्झ: 32 मिलिअँपिअर, 3 सेकंद. किंडलिंगला पीटीझेड 35 मिग्रॅ प्रति किलो दिवसाआड, काही आठवडे द्यावे लागते. प्राणी आणि वेळ दोन्ही जास्त लागतात, ते नंतर.

त्याआधी अर्काच्या त्याच डोसला रोटारॉड (फिरत्या दांड्यावर तोल सांभाळण्याची चाचणी) करा, 6 फेरे प्रति मिनिट, एक मिनिट. प्राणी पडत असेल तर आकडी थांबण्यामागे गुंगीही असू शकते. आणि मॉडेल बदलायचे म्हणजे प्राणी नैतिकता समितीकडून सुधारित प्रोटोकॉल मंजूर करून घ्यावा लागेल. जुन्या मंजुरीवर 6 हर्ट्झ करू नका.