गाडीच्या रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधं पाणी घातलं तर चालतं का?

वाटेत अडचण आली तर गाडी गॅरेजपर्यंत नेण्यापुरतं चालेल, कायमचं नाही.

पाणी उष्णता छानच वाहून नेतं, तो प्रश्न नाही. प्रश्न गंजाचा आणि क्षारांचा आहे. वॉटर पंप कूलंट इंजिनच्या पोकळ्यांतून फिरवतो. ते साधारण ८० ते ९५ अंशांना पोहोचलं की थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारी झडप) उघडतो आणि गरम कूलंट रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जातं. नळाच्या पाण्यातले क्षार नेमके तिथेच पांढरे थर धरतात, आणि एकदा नळ्या चोंदल्या की पंखा कितीही फिरला तरी उपयोग होत नाही. कूलंटमध्ये गंजरोधक द्रव्यं असतात. शिवाय त्यातल्या ग्लायकॉल या द्रवामुळे ते उशिरा उकळतं आणि कडक थंडीत गोठत नाही. सांद्र कूलंट आणलं असेल तर डिस्टिल्ड पाण्यात साधारण निम्मं-निम्मं मिसळा. रंगावर जाऊ नका, गाडीच्या पुस्तिकेत कोणता प्रकार दिलाय तो पाहा.

कूलंटची पातळी इंजिन गार असताना त्याच्या टाकीवरच्या मिन आणि मॅक्स खुणांमध्ये हवी. ती सारखी उतरत असेल तर वर ओतत बसू नका, गळती शोधा.

आणि कृपा करून इंजिन गरम असताना रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडू नका! आत दाब असतो. झाकण सैल होताच उकळतं कूलंट थेट तोंडावर उडतं. सांडलेलं लगेच पुसा, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि ते जीवघेणं विष आहे.