वाचकांचे प्रश्न: उत्तरेला आलं की रोटर गिरकी का घेतो?

प्रश्न : गच्चीवर याएसूचा जी-५५०० रोटर, म्हणजे अँटेना आडवी-उभी फिरवणारं मोटरचं यंत्र, आहे. त्यावर दोन मीटर तरंगलांबीसाठी सात एलिमेंटची (आडव्या दांड्यांची) आणि सत्तर सेंटिमीटरसाठी पंधरा एलिमेंटची यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची अँटेना, बसवली आहे. कंट्रोलरच्या मागच्या सॉकेटला आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) जोडून लॅपटॉपवरच्या जीप्रेडिक्ट या उपग्रहांचा माग काढणाऱ्या सॉफ्टवेअरने रोटर चालवतो. अवकाश स्थानक दक्षिणेकडून गेलं तर सगळं सुरळीत होतं. उत्तरेकडून गेलं की ऐन मध्यावर अँटेना पूर्ण उलटी फेरी मारते आणि संपर्क तुटतो. शिवाय पास (उपग्रहाची आपल्या आकाशातली एक फेरी) चालू असेपर्यंत रिलेची, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचची, टकटक थांबत नाही. रोटरची जागा सांगणारा पोटेन्शिओमीटर काढून त्याजागी अर्ध्या अंशापर्यंत अचूक एन्कोडर बसवावा का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : एन्कोडरचे पैसे खिशातच ठेवा. तुमचं दुखणं अचूकतेचं नाही. आधी गिरकीचं पाहू.

तुमचा रोटर ३६० नव्हे, ४५० अंश फिरतो. ते जास्तीचे ९० अंश नेमके या अडचणीसाठी दिलेले असतात. अवकाश स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांनी कललेली आहे, त्यामुळे ते आपल्याला नेहमी पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना दिसतं. दिशेचा आकडा उत्तरेला ०, पूर्वेला ९०, दक्षिणेला १८०, पश्चिमेला २७०. दक्षिणेच्या अंगाने गेलं तर पश्चिम, दक्षिण, पूर्व असा आकडा उतरत जातो, आणि वाटेत उत्तर येतच नाही. उत्तरेच्या अंगाने गेलं तर वायव्येला ३१५ च्या आसपास उगवून आकडा चढत जातो, ३६० ला पोचतो, आणि पुढचा हुकूम येतो ५ अंशांचा. रोटर ३६० लाच संपतो असं सॉफ्टवेअरला वाटत असेल, तर ५ वर जायला ते पूर्ण मागे फिरणार. त्यात मिनिटभर जातं, आणि पासच मुळात दहाएक मिनिटांचा. रोटर ४५० चा आहे हे त्याला माहीत असेल, तर तो सरळ ३६५, ३७० करत ४४० पर्यंत जातो. तेव्हा आर्डुइनोमधल्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये सुरुवातीचा बिंदू ० आणि एकूण फिरण्याची क्षमता ४५० आहे का ते पाहा. के३एनजी या हॅमचा (हौशी रेडिओवाल्याचा) प्रसिद्ध प्रोग्रॅम वापरत असाल तर त्यात सुरुवातीचा बिंदू मुळात १८० असतो. तो न बदलता लोक आठवडाभर वायरी तपासत बसतात.

मात्र ध्रुवांवरून जाणारे, ९८ अंशांच्या आसपास कललेल्या कक्षेतले उपग्रह किंचित पश्चिमेकडे सरकत जातात. आपला हॅमसॅट असाच होता. ५ मे २००५ ला पीएसएलव्ही-सी६ वरून श्रीहरिकोट्याहून गेला आणि २०१४ पर्यंत व्हीओ-५२ या नावाने जगभरच्या हॅम मंडळींना बोलतं ठेवून गेला. असे उपग्रह उत्तर ओलांडतात ते उलट्या बाजूने, म्हणजे २० वरून ३४० कडे. अशा पासच्या आधी अँटेना हाताने ३८० वर नेऊन ठेवायची. तिथून ती खाली उतरत ३४० ला येते, फेरी लागत नाही.

आता टकटक. तुमच्या पंधरा एलिमेंटच्या यागीचा झोत साधारण ३० अंश रुंद आहे, दोन मीटरचा त्याहूनही जास्त. हा टॉर्चचा उजेड आहे, लेझर नव्हे. नेम ५ अंशांनी चुकला तर तोटा होतो एक तृतीयांश डेसिबल, जो कानाला कळतही नाही. १० अंशांनी चुकला तरी सव्वा डेसिबलच्या आसपास. मग दर सेकंदाला अर्ध्या अंशासाठी मोटरला हिसका कशाला द्यायचा? झिजतात ते गिअर, जळतात रिलेचे पॉइंट. जीप्रेडिक्टच्या रोटरच्या खिडकीत टॉलरन्स नावाचा आकडा असतो, नेम किती चुकेपर्यंत मोटर हलवायची नाही ते सांगणारा. तो मुळात ५ अंश असतो. बहुतेक तुम्ही अचूकतेच्या हौसेने कमी केला असणार. परत ५ करा, सायकल (दोन हुकमांमधला वेळ) दोन-तीन सेकंदांची ठेवा. तसंही ४५० अंश दहा बिटांच्या आर्डुइनोत १,०२४ भागांत वाटले जातात, म्हणजे एक पायरी ०.४४ अंशांची. पोटेन्शिओमीटरच्या वायरीत प्रसारणाची भानगड शिरली की तेवढ्यात आकडा नाचणारच.

खरी चूक लपते ती शून्य लावण्यात. गच्चीवरच्या होकायंत्रावर विश्वास ठेवू नका. खाली स्लॅबमध्ये सळ्या आहेत, शेजारी लोखंडी मास्ट आहे, सुई कुठेही वळते. अमेरिकन व्हिडिओंत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्या फरकावर मोठी प्रवचनं असतात, कारण तिथे काही ठिकाणी तो दहा-बारा अंशांच्या वर जातो. महाराष्ट्रात तो जेमतेम एखादा अंश, तो विसरा. सूर्य वापरा. सकाळी आठ-नऊला त्या मिनिटाचा सूर्याचा अझिमथ (दिशेचा कोन) आणि एलेव्हेशन (क्षितिजापासून उंचीचा कोन) कॉम्प्युटरवर काढा आणि तेच आकडे रोटरला द्या. बूम, म्हणजे अँटेनाचा मधला लांब दांडा, नेमका सूर्याकडे रोखलेला असेल तर त्याची लांब सावली आक्रसून बुंध्याच्या ठिपक्याएवढी होते. सावली एका बाजूला लांबलेली दिसली तर तेवढी दुरुस्ती करा. हीच तपासणी दुपारी चारला पुन्हा करा. सकाळी जुळतं आणि दुपारी जुळत नाही, तर मास्ट ओळंब्यात नाही असं समजा.

आणि तुम्ही कोकणात आहात. पावसाळ्याआधी एलेव्हेशन रोटरच्या कनेक्टरला रबरी चिकटपट्टी, आणि खाली येणाऱ्या प्रत्येक केबलला पाणी गळून जाईल असा झोळ. वीज कडाडू लागली की सगळ्या केबली उपसून ठेवा.

प्रश्न : माझा रोटर हुकूम पाळतो, पण सॉफ्टवेअरमध्ये त्याची सध्याची जागा दिसत नाही, एरर येते. कधी कधी पहिला हुकूमच वाया जातो.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन वेगळी कारणं आहेत. कॉम्प्युटर आणि रोटर यांच्यातली जीएस-२३२ ही बोली ए आणि बी अशा दोन प्रकारांत येते. हुकूम बरेचसे सारखे, उत्तरं निराळी: ए नुसते आकडे पाठवते, बी त्यांच्या आधी एझेड आणि ईएल अशी अक्षरं लावते. हॅमलिब या रोटरशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ए चा मॉडेल क्रमांक ६०१, बी चा ६०३. तुमच्या बोर्डातला प्रकार आणि इथला क्रमांक जुळवा, एरर जाईल. पहिला हुकूम हरवतो कारण यूएसबीवरून पोर्ट उघडताच आर्डुइनो स्वतःला रीसेट करून घेतो आणि सेकंद-दीड सेकंद बहिरा असतो. प्रोग्रॅम चढवून झाला की रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. पुन्हा प्रोग्रॅम चढवायचा असेल तेव्हा तो काढावा लागेल, हे बोर्डावरच चिठ्ठी लावून लिहून ठेवा.

प्रश्न : काका, मी अकरावीत आहे. रोटर परवडत नाही. स्टेपर मोटर आणून घरी बनवू का?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : बनव, पण आत्ता नको. आधी पीव्हीसी पाइप आणि स्टीलच्या मेजरटेपची यागी कर आणि हातात धरून अवकाश स्थानक ऐक. त्याचं प्रसारण १४५.८०० मेगाहर्ट्झवर येतं, उगवताना तीनेक किलोहर्ट्झ वर आणि मावळताना तेवढंच खाली. आवाज मंद झाला की मनगट पिळून पाहा, कारण ध्रुवण (रेडिओ लहरींच्या कंपनाची दिशा) सतत बदलत असतं, आणि महागडा रोटरही ते करत नाही.

पुढे मोटर लावायचीच तर एकच लाव, आडवी फिरणारी. अँटेना वीसेक अंश वर करून घट्ट बसव. उपग्रह पासचा बहुतेक वेळ तीस अंशांच्या खालीच असतो. डोक्यावरून जातात तेव्हा ते जवळ असतात, सिग्नल दणदणीत असतो, थोडं चुकलं तरी चालून जातं. उभ्या मोटरचाच खर्च आणि वजन जास्त, ते वाचेल. बोलायचं असेल तर मात्र दूरसंचार विभागाची हॅम परवान्याची परीक्षा द्यावी लागेल. बारावीच्या अभ्यासाच्या आत ती उरकून टाक.