पावतीपुस्तक कुणाच्या हातात आहे, ते आधी सांगा

प्रश्न : आम्ही कॉलेजची दहा-बारा मुलं-मुली आमच्या वस्तीत तरुणांचा एक दिवसाचा महोत्सव करतोय. आमच्या भागाबद्दल आणि आमच्या वयाबद्दल लोकांच्या मनात जे बसलंय, ते अशा कार्यक्रमाने खरंच बदलतं का? परवानग्या कोणत्या लागतात? प्रमुख पाहुणे कुणाला बोलवावं?

उत्तर :

बदलतं. पण खुर्चीवर बसून बघणाऱ्याचं फारसं नाही. ज्याने तुमच्याबरोबर मंडपाचे बांबू उचलले, हिशेब केला, त्याचं बदलतं. हे मी ठामपणे सांगते, कारण माझं स्वतःचं बदललं.

मी मुंबईतल्या गोवंडीची. रेल्वे रुळांच्या कडेच्या झोपड्या हटवल्या तेव्हा इथल्या पुनर्वसनाच्या इमारतीत आम्हाला २२५ चौरस फुटांची खोली मिळाली. तेव्हा मी दहा वर्षांची होते. आमच्याकडची निम्मी पोरं नोकरीच्या अर्जावर गोवंडीऐवजी शेजारचं, नाव चांगलं असलेलं 'चेंबूर' लिहितात. मी नाही लिहिलं. २०१६च्या जानेवारीत आमच्या शेजारच्या देवनारच्या डम्पिंगला, म्हणजे कचरा टाकायच्या मैदानाला, आग लागली होती, दिवसच्या दिवस धूर, शाळा बंद ठेवायची वेळ आली होती. त्याच सुमाराला अंधेरीतल्या एका ऑफिसात अकाउंट्सच्या जागेसाठी मी मुलाखतीला गेले. समोरच्या साहेबांनी अर्जावर पिनकोड ४०००४३ बघितला आणि बी.कॉम.चे मार्क बघायच्या आधी विचारलं, "घरात कुणावर पोलीस केस वगैरे?" १९२७ पासून मुंबईचा कचरा आमच्या उशाशी येऊन पडतोय, आणि वास मात्र आमच्या नावाला लागलाय. ती नोकरी मिळाली नाही.

म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर राहवलं नाही. आता जे सांगणार आहे ते लांबेल.

बाहेरच्यांचं जाऊ द्या. आमच्या कॉलनीतल्या मोठ्यांचं आमच्याबद्दलचं मत त्या साहेबांपेक्षा वेगळं नव्हतं. २०१९च्या १२ जानेवारीला, युवा दिनाला, मंडळाने 'युवा मेळावा' घ्यायचं ठरवलं. जिजाऊंची जयंतीही त्याच दिवशी, म्हणून मुलींचं काहीतरी हवंच, असं ठरलं. मी सात मुली गोळा केल्या, तेरा ते सतरा वयाच्या. तीन मराठी, तीन उत्तर प्रदेशातल्या मुसलमान घरांतल्या, एक तमिळ. आम्ही एक छोटं नाटक बसवलं. एक मुलगी मुलाखतीला जाते, प्रत्येक वेळी वेगळा पत्ता सांगते, आणि शेवटी खरा पत्ता मोठ्याने सांगते, एवढंच. निम्मं हिंदी, निम्मं मराठी. दीड महिना गच्चीवर तालीम केली. रोज संध्याकाळी गच्चीची किल्ली मागायला सेक्रेटरींच्या दारात उभं राहावं लागायचं. ते रोज विचारायचे, "अजून किती दिवस?"

त्या दिवशी काय झालं? सहाचा कार्यक्रम साडेसातला सुरू झाला, कारण पाहुणे आले नव्हते. मग स्वागत, शाल, नारळ, श्रीफळ, पुन्हा शाल. फ्लेक्सवर अकरा चेहरे होते, त्यातला एकही चाळिशीच्या आतला नव्हता. पाहुणे 'आजचा तरुण मोबाइलमध्ये कसा वाया गेलाय' यावर पाऊण तास बोलले. आमच्या पोरी मेकअप करून स्टेजच्या मागे मीटरबॉक्सजवळ अंधारात बसलेल्या. त्यांतल्या एकीची आई तीनदा येऊन गेली, "किती वेळ लागेल, हिचे अब्बा येतील आता." पावणेदहाला नाटकाचं नाव पुकारलं. आम्ही स्टेजवर जातोय तोवर आमदारांच्या पीएंचा सत्कार राहिलाय हे कुणाच्या तरी लक्षात आलं. दहाला पोलिसांनी माइक बंद करायला सांगितला. त्यांचं काही चुकलं नाही, नियमच आहे. सातपैकी सगळ्यात लहान मुलगी, जिला शेवटचं वाक्य होतं, ती बंद माइकसमोर तशीच उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षकाकांकडे गेले. काका म्हटलं, पुढच्या वर्षी हा कार्यक्रम आम्हाला करू द्या. वर्गणीही आम्हीच काढू, स्टेजही आम्ही बघू. काका वाईट माणूस नव्हेत. २००५च्या पुरात त्यांनी लोकांना छातीएवढ्या पाण्यातून बाहेर काढलंय. पण ते म्हणाले, "बाळा, नाचा, गा, सगळं करा. पण पोरांच्या हातात पावतीपुस्तक दिलं ना, की पैसा गेला समजायचा." मी सहा वर्षं हिशेब शिकलेली मुलगी, आणि मला हे ऐकावं लागलं. त्याहून वाईट म्हणजे, त्यांनी कुणाचं उदाहरण दिलं ते ऐकून मलाही पटलं.

उदाहरण होतं खालच्या मजल्यावरच्या एका मुलाचं. वय एकोणीस. केस लाल केलेले, डोळे कायम लाल, दुपारी बारापर्यंत झोपलेला. आमच्याकडे नशेच्या गोळीला 'बटन' म्हणतात. त्याला सगळे बटनवाला म्हणायचे. मीही म्हणायचे. तोंडावर नाही, घरात.

मंडळ नाही म्हणालं म्हणून आम्ही मंडळ सोडून केलं. स्टेशनरीच्या दुकानातून पन्नास रुपयांचं पावतीपुस्तक आणलं. घरोघर फिरायला पोरं कमी पडली, तेव्हा तो मुलगा आपणहून आला. मला भीती वाटली, हे लपवत नाही. मी त्याला एक इमारत दिली आणि मनात पैसे सोडून दिले. चार दिवसांनी त्याने पुस्तक परत दिलं. प्रत्येक पावतीवर खोली नंबर, कार्बन नीट लावलेला, आणि ज्यांनी 'नंतर या' म्हटलं त्यांची मागच्या पानावर वेगळी यादी. मी विचारलं, हे कुठे शिकलास? म्हणाला, "बेकरीत. रात्रीच्या डिलिव्हरीचा हिशेब मीच ठेवतो." तो तीन वर्षं रात्रपाळी करत होता. भट्टीसमोर. डोळे लाल का, झोप दुपारपर्यंत का, हे त्याच्या डोक्यावर राहणाऱ्या आम्हाला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

मी सगळा हिशेब त्याच्याकडे दिला.

२०२०च्या १२ जानेवारीला रविवार होता. कार्यक्रम संध्याकाळी सहाला सुरू, पहिलं मुलींचं नाटक. ते झालं, आणि त्या लहान मुलीने शेवटचं वाक्य इतक्या जोरात म्हटलं की माइकची गरजच नव्हती. बाकी रॅप, कॅरमची फायनल, फोटोंचं प्रदर्शन, सगळं ठीकठाक झालं. पण मला आठवतो तो पुढचा सोमवार. आम्ही जमाखर्च जुन्या कॅलेंडरच्या पानामागे लिहून पंपाच्या खोलीच्या भिंतीवर चिकटवला होता. सकाळी पाणी भरताना अध्यक्षकाका तिथे थांबले. चष्मा लावून एकेका ओळीवर बोट ठेवत वाचायला लागले. मध्येच बोट थांबलं. "यात वीस रुपये कमी येतायत." तो मुलगा नुकताच रात्रपाळी करून आला होता, हातात पावाची पिशवी. त्याने खिशातून वायरमनचं बिल काढलं. "काका, इन्सुलेशन टेप. रात्री आणली, लिहायची राहिली." पेनाने तिथेच लिहिली. काकांनी पुन्हा खालपासून वरपर्यंत बेरीज केली. मग त्याला म्हणाले, "गणपतीच्या हिशेबाला बसशील का?"

त्या वर्षी कोरोना आला आणि गणपतीचा हिशेब करण्यासारखा कार्यक्रमच झाला नाही. पण त्यानंतर 'बटनवाला' हा शब्द मी कॉलनीत ऐकला नाही. कार्यक्रमाला पाचशे माणसं होती, त्यांतल्या किती जणांचं मत नाटकाने बदललं मला माहीत नाही. त्या कॅलेंडरच्या पानाने दोघांचं बदललं, काकांचं आणि माझं.

मोठ्या प्रमाणावर काय होतं ते बघायचं तर फेब्रुवारी २०२३ मध्ये इथल्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये पाच दिवस गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल झाला. सात-सात मजली एकसष्ट इमारती, एकमेकींना इतक्या चिकटून की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लागतो. तिथल्या पोरांनी महिनोन्‌महिने कलाकारांच्या हाताखाली रॅप, नाटक, फोटो, फिल्म शिकून ते केलं. कंदिलांची मिरवणूक निघाली. पैसा आणि माणसं बाहेरून होती, तुमच्याकडे तेवढं नसेल. पण तिथे प्रदर्शनात जे फोटो होते ते तिथल्याच मुलांनी आपल्या डोळ्यांनी काढलेले होते. वर्तमानपत्रात गोवंडीचा फोटो म्हणजे कचऱ्याचा डोंगर आणि वर घारी. इथे आजी होती, जिना होता, खिडकीतलं झाड होतं. तुम्ही प्रदर्शन ठेवणार असाल तर कॅमेरा बाहेरच्या फोटोग्राफरच्या हातात देऊ नका.

परवानग्या भराभर सांगते. लाउडस्पीकरसाठी पोलीस ठाण्याचं पत्र, मंडप किंवा स्टेज रस्त्यावर अथवा पालिकेच्या जागेत असेल तर वॉर्ड ऑफिस, सोसायटीच्या आवारात असेल तर सोसायटीचं लेखी ना-हरकत. वीज कुणाच्या घरातून ओढू नका, तात्पुरतं मीटर घ्या. सिनेमाची गाणी वाजवणार असाल तर त्याचं लायसन्स वेगळं. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे, शाळा-हॉस्पिटलपासून १०० मीटर शांतता क्षेत्र. रात्री दहानंतर माइक बंद म्हणजे बंद. बारापर्यंतची सूट सरकार वर्षाला जास्तीत जास्त पंधरा दिवस देतं, आणि ते दिवस बहुतेक गणपती-नवरात्रासारख्या सणांतच संपतात, त्यावर विसंबू नका. अर्ज निदान पंधरा दिवस आधी द्या आणि पोच घ्या, शिक्क्यासकट.

मोठ्यांबद्दल वर कडक लिहिलंय, पण एक गोष्ट राहिली. तुमच्यातली काही जणं अठराच्या आतली असतील तर अर्जावर सही करायला मोठं माणूस लागेलच. सहीला घ्या, पाण्याच्या टँकरला घ्या, भांडण मिटवायला तर नक्की घ्या, त्यात त्यांच्यासारखं कुणी नाही. फक्त माइक आणि पावतीपुस्तक देऊ नका. आणि हेही खरं की आमच्याकडे बटन खाणारी पोरं आहेत, खोटं कशाला बोलू. प्रत्येक लाल डोळ्यामागे बेकरी नसते. तुमच्या टीममध्ये तसा कुणी असेल तर पैशाची जबाबदारी दोघांत वाटून द्या.

प्रमुख पाहुणे बोलवू नका. नारळ फोडायला तालमीला रोज वेळेवर मुलीला पाठवणारी एखादी आई पुरे. आणि मुलींचा भाग सातच्या आत घ्या, साडेनऊची वेळ कुणी देत असेल तर नाही म्हणा.